वाऱ्यावर सोडलेल्या जगांचा हिशेब

रात्रीची वेळ, शाळेची रिकामी इमारत आणि प्राचार्यांच्या खोलीचं कुलूपबंद दार. मॅक्स घरगुती बॉम्बने ते दार उडवते, आत शिरते आणि काळ मागे फिरवते. क्षणात दार पुन्हा धड. फरक एवढाच की मॅक्स आता आतल्या बाजूला आहे. ती आतून दार उघडते आणि बाहेर ताटकळत असलेल्या क्लोईला आत घेते. क्लोईच्या लेखी स्फोट झालेलाच नाही.

‘लाइफ इज स्ट्रेंज’ या साहसी गेमच्या तिसऱ्या भागातला हा प्रसंग. मॅक्स ही त्याची काळ मागे फिरवू शकणारी नायिका, आणि क्लोई तिची मैत्रीण. पॅरिसच्या डोन्टनॉड स्टुडिओचा हा गेम जानेवारी ते ऑक्टोबर २०१५ या काळात पाच भागांत आला. पहिल्यांदा खेळताना मला या युक्तीचं निव्वळ कौतुक वाटलं होतं. दुसऱ्यांदा खेळताना मात्र एक प्रश्न डोक्यात शिरला आणि तो काही केल्या जाईना. फुटलेल्या दाराबाहेर जी क्लोई उभी होती, तिचं पुढे काय झालं? (गेम खेळायचा बाकी असेल तर इथेच थांबा. पुढे मी शेवटासकट सगळं फोडणार आहे.)

चाहत्यांनी या प्रश्नाची दोन उत्तरं दिली आहेत. एक सरळ आहे: काळ मागे गेला, घडलेलं पुसलं गेलं, ती क्लोई कधी नव्हतीच. दुसरं उत्तर समांतर विश्वांचं. त्यानुसार मॅक्स काळ मागे नेत नाही, ती फक्त गाडी बदलते. जे जग ती सोडते ते आपल्या रुळावरून पुढे जातच राहतं, तिच्याशिवाय. म्हणजे कुठेतरी एक क्लोई अजून धुराने भरलेल्या त्या खोलीत मॅक्सला हाका मारते आहे. सोबत आलेली मैत्रीण चार भिंतींच्या आत नाहीशी झाली आहे, आणि उद्या सकाळी पोलिसांना काय सांगायचं हे तिला कळत नाही.

मला हे दुसरं उत्तर आवडतं. अडचण अशी आहे की ज्यांनी ते उचलून धरलं आहे, त्यातले बहुतेक जण त्या खोलीपाशी थांबतच नाहीत. ते थेट शेवटाकडे धावतात, कारण त्यांना या थिअरीची गरज तिथे आहे.

शेवट काय आहे ते आधी सांगतो. ऑरेगनमधलं आर्केडिया बे हे समुद्रकाठचं छोटं गाव एका प्रचंड वादळाच्या तोंडी आहे. मॅक्सने शाळेच्या बाथरूममध्ये क्लोईला गोळी लागताना पाहिलं, काळ मागे फिरवून तिला वाचवलं, आणि तिथून हे सगळं बिघडत गेलं, असं गेम आपल्याला सुचवतो. आता दीपस्तंभाजवळ क्लोई तिच्या हातात एक फोटो देते. त्या बाथरूममध्ये काढलेला निळ्या फुलपाखराचा. मॅक्सने त्या फोटोतून त्या क्षणात परत जावं आणि या वेळी काहीही न करता गोळी लागू द्यावी, म्हणजे गाव वाचेल. किंवा फोटो फाडून टाकावा, म्हणजे क्लोई वाचेल आणि गाव जाईल. दोनच पर्याय. कितीही हुशारीने खेळलात तरी तिसरा नाही.

यावर चाहत्यांचा आवडता उतारा असा: काळजी कशाला, दोन्ही जगं आहेतच की! एकात क्लोई जिवंत आहे, एकात गाव. कोणी कायमचं गेलेलं नाही. सुंठीवाचून खोकला गेला.

पण ही थिअरी खरंच मान्य केली तर काय होतं, ते पाहू. मॅक्स फोटोतून मागे गेली आणि तिने क्लोईला मरू दिलं. ठीक. पण जे जग ती दीपस्तंभाजवळ सोडून आली, ते थिअरीप्रमाणे पुढे चालूच आहे. तिथे वादळ गावावर आदळणारच. मग गाव वाचलं कुठे? जे गाव बुडायचं ते बुडालंच. मॅक्स फक्त अशा एका जगात राहायला गेली जिथे वादळ येत नाही. उलट बाजूही तपासा. पहिल्या दिवशी बाथरूममध्ये क्लोई मेली आणि मॅक्सने पहिल्यांदा काळ फिरवला, तेव्हा तेही जग मागे राहिलंच असणार. त्या जगात क्लोई गेली आहे आणि, शेवटावरून दिसतं त्याप्रमाणे, वादळाचं नाव नाही. म्हणजे ‘वाचलेलं गाव’ पहिल्या दिवसापासून अस्तित्वात होतं. दीपस्तंभाजवळ आपण ज्यावर अर्धा तास डोकं धरून बसलो, तो निर्णय नव्हताच. मॅक्सने कुठल्या पत्त्यावर राहायचं, एवढंच आपण ठरवत होतो.

दु:ख हलकं करायला आणलेली थिअरी अशी सगळंच हलकं करून टाकते. क्लोई स्वतःहून तो फोटो पुढे करते, हा त्या गेममधला सगळ्यात मोठा क्षण. थिअरीच्या हिशेबात तो एक गैरसमज ठरतो.

मी हे बोलू लागलो की ‘अरे, गेम आहे, जरा मजा करू दे लोकांना’ असं उत्तर येतं. मजा करावीच. क्लोई आणि मॅक्स दोघी म्हाताऱ्या होईपर्यंत एकत्र राहिल्या, अशी कथा कोणी लिहिली तर मी ती आवडीने वाचेन. तशा कितीतरी वाचल्याही आहेत. पण चाहत्याने लिहिलेली कथा ‘असं झालं असतं तर’ म्हणते, आणि थिअरी ‘असंच झालं आहे’ म्हणते. पहिली कल्पना आहे, दुसरा दावा. दावा केला की त्याच्यासोबत येणारं देणंही पदरात घ्यावं लागतं. समांतर जगांच्या थिअरीचं देणं मोठं आहे, आणि ते तिचे लाडके पुरस्कर्ते फेडायला तयार नसतात. माझी तक्रार एवढीच.

त्या देण्याचा सगळ्यात जड हप्ता चौथ्या भागात आहे. त्याची सुरुवात तिसऱ्याच्या अखेरीस होते: मॅक्स एका जुन्या फोटोतून २००८ मध्ये जाते आणि क्लोईच्या वडिलांच्या गाडीची किल्ली लपवते, म्हणजे ते अपघातात सापडणार नाहीत. परत येते तेव्हा वडील जिवंत आहेत, पण क्लोई स्वतः एका वेगळ्या अपघातानंतर मानेखाली पांगळी होऊन खुर्चीत बसलेली आहे. त्या दिवशी दोघी समुद्रकाठी फिरतात, रात्री जुना सिनेमा बघतात. आणि सकाळी क्लोई तिला सांगते की आता बास, मला यातून सोडव. मॉर्फिन वाढवायचं की नाही, हे खेळणाऱ्याने ठरवायचं. काहीही ठरवलं तरी थोड्या वेळाने मॅक्स पुन्हा त्याच फोटोतून मागे जाते आणि वडिलांना मरू देते.

इथे एक बारकावा आहे. मॅक्स त्या बदललेल्या जगात पोहोचते तेव्हा तिथल्या पाच वर्षांची तिला काडीचीही आठवण नसते. पण त्या जगातल्या मॅक्सने ती पाच वर्षं काढलेली आहेत. तिचे मित्र वेगळे, फोनमधले मेसेज वेगळे, शाळेतली ऊठबस वेगळी. आपली मॅक्स तिच्या आयुष्यात पाहुणी म्हणून नाही, मालकीण म्हणून शिरते. मग थिअरीवाल्यांना विचारावंसं वाटतं, ती दुसरी मॅक्स गेली कुठे? आणि आपली मॅक्स निघून गेल्यावर ती परत आली असेल, तर कुठल्या क्षणी? ज्यांनी मॉर्फिन वाढवलं त्यांच्या जगात ती मुलगी पलंगाशेजारी भानावर येते. समोर मैत्रीण निपचित पडलेली, आणि हे आपल्याच हातून झालं आहे याचा तिला पत्ता नाही. दार उघडून आता क्लोईची आई आत येईल.

असं पाहिलं की थिअरी एकदम जिवंत होते. आता ती कोणाला सुटका देत नाही. मॅक्सने प्रत्येक वेळी बटण दाबताना कोणाला तरी वाऱ्यावर सोडलं आहे, आणि तिच्यासोबत आपणही. संवाद जरा वेगळा निघतो का बघू, म्हणून मी उगाच दहा-दहा वेळा काळ मागे नेला होता. त्या दहाही जगांत एकेक माणूस वाक्य अर्धवट टाकून माझ्याकडे बघत उभा आहे.

गंमत म्हणजे गेममध्ये याला आधार आहे. शेवटच्या भागातल्या दुःस्वप्नात मॅक्सला उपाहारगृहात तिच्यासारखीच दुसरी मॅक्स भेटते आणि सुनावते की तू मागे टाकलेल्या कितीतरी मॅक्सपैकी मी एक आहे. समांतर जगांच्या बाजूचा याहून बळकट पुरावा गेममध्ये नाही. तो पुरावा बोलतोय मात्र आरोपाच्या भाषेत, दिलाशाच्या नव्हे. ते दुःस्वप्न आहे, तेव्हा ती मॅक्स खरी की हिच्याच मनातली टोचणी, हा वाद राहणारच. तरी दोन चंद्रांपेक्षा मला हा पुरावा वजनदार वाटतो. चौथ्या भागात आकाशात दोन चंद्र दिसतात. त्याआधी अवेळी बर्फ, ग्रहण, मरून पडलेले पक्षी. भागांच्या मधल्या महिन्यांत लोकांनी या खुणांवर एवढं खोदकाम केलं की साप म्हणून भुई धोपटणं म्हणजे काय ते कळावं. दोन चंद्र म्हणजे दोन विश्वं एकमेकांवर आदळत आहेत, हा त्यातला सगळ्यात लाडका निष्कर्ष. असेलही. पण त्या दोन चंद्रांमुळे कोणाच्या वागण्यात काही फरक पडतो का? दुसऱ्या मॅक्सच्या एका वाक्याने मात्र आपलं सगळं खेळणं पुन्हा तपासावं लागतं.

पुराव्याचा विषय निघाला की मराठी वाचकाला जयंत नारळीकरांचे गंगाधरपंत आठवणारच. पानिपत जिंकलेल्या जगात जाऊन आलेला हा इतिहासाचा प्राध्यापक नुसत्या आठवणी घेऊन परतत नाही. बखरीचं एक फाटलेलं पान त्याच्याकडे असतं, ज्यात गोळी विश्वासरावाला लागत नाही, कानाजवळून निघून जाते. ते पान नसतं तर कथा स्वप्नाच्या खात्यात जमा झाली असती. नारळीकरांनी दुसऱ्या जगाची किंमत म्हणून काहीतरी हातात ठेवलं. आमच्या फँडममध्ये असं पान कोणी मागत नाही, आणि मागितलं तर भौतिकशास्त्राचं नाव पुढे केलं जातं.

ते भौतिकशास्त्रही जरा बघू. ह्यू एव्हरेट या तरुण संशोधकाने १९५७ मध्ये प्रिन्स्टनच्या आपल्या प्रबंधात जी मांडणी केली, ती पुढे ब्राइस डीविट यांच्यामुळे अनेक-विश्व सिद्धांत म्हणून गाजली. थिअरीच्या व्हिडिओंत तिचा उल्लेख हमखास येतो. पण एव्हरेटच्या फांद्या, म्हणजे एकमेकांपासून वेगळी होत जाणारी विश्वं, कणांच्या पातळीवरच्या घटनांनी फुटतात. मॅक्स फोटोतून मागे गेली की तिने तो फाडला, यासाठी निसर्ग खास फांदी राखून ठेवत नाही. शिवाय फांद्या एकदा दूर गेल्या की त्यांचा एकमेकींशी व्यवहार जवळपास संपतो. एका फांदीवरून उडी मारून, आठवणी सोबत घेऊन दुसरीवर बसण्याची सोय त्यात नाही. एव्हरेट इथे साक्षीदार म्हणून बोलावला तर तो उलट बाजूनेच साक्ष देईल.

गेमने स्वतः ज्या शास्त्राकडे बोट दाखवलं आहे, ते वेगळंच आहे. फुलपाखरू, वादळ, आणि तिसऱ्या भागाचं नावच ‘केऑस थिअरी’. हे सगळं हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लोरेन्झकडून आलेलं आहे. १९६१ मध्ये त्याने संगणकावरचं हवामानाचं एक गणित पुन्हा चालवायचं ठरवलं. सुरुवातीपासून नको म्हणून मधूनच, आधीच्या छापील कागदावरचा आकडा टाकून. यंत्राच्या पोटात तो ०.५०६१२७ होता, कागदावर ०.५०६ एवढाच छापला होता. तो परत येऊन बघतो तर पुढचं हवामान ओळखू न येण्याइतकं वेगळं. म्हणजे त्यानेही काळ मागे फिरवला होता, आणि हाती वेगळं वादळ आलं होतं. फुलपाखराच्या पंखांनी दूरवर वादळ येईल का, हा प्रश्न त्याने १९७२ च्या व्याख्यानात विचारला. या सगळ्याला एकच जग पुरतं. किंबहुना एकच जग आहे म्हणून तर तो इवलासा फरक भयंकर ठरतो. (लोरेन्झच्या टेबलावर दोन्ही कागद शेजारी-शेजारी पडले होते, असं एखादा चाहता म्हणेल. या उत्तरावर मी निरुत्तर होतो, हे मान्य करतो.)

तर थिअरी खरी की खोटी यापेक्षा, ती मानणारा माणूस त्या दुसऱ्या जगातल्या लोकांशी कसा वागतो, यावरून मी ती जोखतो. हा निकष माझ्या डोक्यातून आलेला नाही. साहसी गेमच्याच परंपरेत तो ‘मिस्ट’पासून, म्हणजे १९९३ पासून आहे. त्या गेमच्या विश्वात विशेष पुस्तकं लिहिली जातात आणि पुस्तकावर हात ठेवला की माणूस त्यात वर्णन केलेल्या जगात जातो. आता ते जग लिहिण्याने निर्माण झालं, की आधीपासून कुठेतरी होतंच आणि पुस्तकाने फक्त वाट उघडली? या प्रश्नावर बाप आणि मुलगा एकमेकांविरुद्ध उभे राहतात. बाप, गेन, म्हणतो मी निर्माता आहे. १९९७ च्या ‘रिव्हेन’मध्ये त्याचा परिणाम दिसतो. तिथल्या लोकांवर तो देव बनून राज्य करतो, आणि ती भूमी मोडकळीला आलेली असते. मुलगा, अॅट्रस, मानतो की ती जगं आधीपासूनची आहेत, म्हणून तिथल्या माणसांवर आपली मालकी नाही. तत्त्वज्ञानाचा हा कोरडा वाटणारा वाद तिथे थेट कोणाच्या तरी जगण्या-मरण्याशी जाऊन भिडतो. समांतर जगांवरची इतकी प्रौढ चर्चा नंतरच्या गेममध्ये मला फारशी सापडलेली नाही.

नंतर घडलं ते उलट. समांतर जग हे हिशेब जुळवायचं साधन झालं. ‘झेल्डा’ मालिकेचं उदाहरण प्रसिद्ध आहे. वर्षानुवर्षं चाहते त्या गेमचा क्रम लावत भांडत होते. २०११ मध्ये निन्टेन्डोच्या अधिकृत पुस्तकाने तक्ता छापला, आणि १९९८ च्या ‘ऑकारिना ऑफ टाइम’नंतर काळ तीन फाट्यांत विभागला. दोन फाटे लोकांनी ओळखले होते. तिसरा कोणाच्या फारसा स्वप्नात नव्हता: ज्यात नायक शेवटच्या लढाईत हरतो. मला तो तिसरा फाटा मनापासून आवडतो, कारण खेळताना आपण जितक्या वेळा मेलो त्याला कुठेतरी अर्थ मिळाला. पण तक्त्याचा हेतू तो नव्हता. जे गेम कुठेच बसत नव्हते, त्यांना एक कोनाडा हवा होता.

‘लाइफ इज स्ट्रेंज’च्या वाट्यालाही हेच आलं, आणि इथे मला चाहत्यांपेक्षा निर्मात्यांवर जास्त राग आहे. २०१८ च्या दुसऱ्या गेमने हा पेच फार नेमकेपणाने सोडवला होता. आधीचा शेवट कोणता निवडलात ते तो विचारतो, आणि पहिल्या भागाच्या अखेरीस दोन भाऊ उंचावरून आर्केडिया बे पाहतात. तुमच्या उत्तराप्रमाणे ते उभं असतं किंवा उद्ध्वस्त. एक नजर, आणि मुलं पुढे निघून जातात. तुमचं जग एकच आहे, आणि ते तुमच्या निर्णयाचं आहे.

२०२४ मध्ये डेक नाइन स्टुडिओने ‘डबल एक्स्पोजर’ आणला. मॅक्स आता मोठी झाली आहे, व्हरमाँटमधल्या एका विद्यापीठात आहे. तिची मैत्रीण साफी गोळीने मरते, आणि मॅक्सला अशा दुसऱ्या जगात जाता येऊ लागतं जिथे साफी जिवंत आहे. चाहत्यांची थिअरी अशी अधिकृत झाली. तुम्ही क्लोईला वाचवलं असेल किंवा गावाला, दोन्ही भूतकाळ आम्हाला मान्य, असंही सांगितलं गेलं. प्रत्यक्षात क्लोईला वाचवणाऱ्यांना कळतं की दोघींचे मार्ग केव्हाच वेगळे झाले. त्यावरून केवढा गदारोळ उठला! ताटातूट दाखवली म्हणून मी रागावलो नाही, माणसं दुरावतात. पण जिने मैत्रिणीसाठी अख्खं गाव जाऊ दिलं आणि जिने गावासाठी मैत्रीण जाऊ दिली, त्या दोघी दहा वर्षांनी जवळजवळ तीच वाक्यं बोलतात. कथानक दोघींना सारखंच बसावं म्हणून दोघींच्या खांद्यावरचं ओझं सारखं करून टाकलं. दोन्ही खरं मानण्याची किंमत अशी मोजावी लागली. शेवटी दोन जगं एकमेकांत मिसळतात, आणि मी मागे टेकून बसलो तेव्हा मनात पहिला विचार आला तो पुढच्या गेमची जुळवाजुळव झाली असा.

निर्मात्यांनी एक शेवट खरा ठरवून शिक्का मारावा, असं मला म्हणायचं नाही. गप्प बसण्याचाही एक मार्ग असतो, आणि २०१५ च्या गेमने तो निवडला होता. मॅक्सला ही शक्ती का मिळाली, याचं स्पष्टीकरण तिथे कुठेच नाही. ते दिलं असतं तर आज मी हा लेख लिहीत बसलो नसतो.

चाहत्यांकडून मात्र मला जास्त हवं आहे. समांतर जगांची थिअरी मांडायची तर शेवटापासून नको, त्या खोलीपासून मांडावी. मॅक्सशिवाय राहिलेल्या जगात सकाळी शाळा कशी भरली, शोध कोणी घेतला, क्लोईवर संशय आला का, हे कोणीतरी एकदा धसाला लावून लिहावं. दुसऱ्यांदा खेळताना मी दार उडवलं, आत गेलो, आणि नेहमीसारखं लगेच बटण दाबलं नाही. मागे वळून मोडक्या चौकटीतून बाहेर पाहिलं. मग दाबलं.